राधाबाईंच्या वतीने

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात दिवस दोन आवाजांनी उजाडायचा. पहिला समोरच्या तालमीतला. अंधार पुरता सरायच्या आधीच तिथे पोरांचे जोर सुरू होत आणि त्यांच्या एकसुरी हुंकारांची मला इतकी सवय झाली होती की पुढे पुण्याला कॉलेजात गेल्यावर पहिले काही दिवस तिथल्या शांततेनेच मला पहाटे जाग यायची. दुसरा आवाज आत्तीच्या भाकरीचा. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, राधा. परातीत जोंधळ्याची भाकरी थापताना तिच्या हाताला एक ठेका असे, आणि तो थांबला की समजायचे, भाकरी तव्यावर पडली. मी चुलीपुढे पाट ओढून बसायची. पहिल्या भाकरीचा पापुद्रा ती नखाने उचलायची, आत लोण्याचा गोळा आणि बोटभर खर्डा सारायची आणि भाकरी माझ्या हातावर आदळायची. "खा. तोंड भाजलं तर भाजलं, पर थंड करून खाऊ नगंस." आता राजारामपुरीतल्या या घरात गॅसवर भाकरी होते, चांगली होते, पण सकाळी पहिला आवाज येतो तो खालच्या रिक्षांचा.

आत्ती उंच होती, रुंद खांद्यांची. तिचे लग्न लहानपणीच झाले आणि विशी गाठायच्या आत नवरा गेला. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतले आणि मग एक दिवस बैलगाडीतून आमच्या दारात आणून सोडले. ती आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, मुरगूडजवळच्या एका खेड्यात वेदगंगेच्या काठी वाढली होती. तिकडच्या बायका आमच्याकडे आल्या की सांगत, राधी म्हशीच्या पाठीवर बसून नदीत शिरायची आणि थोड्या वेळाने म्हैस एकटीच परत यायची. राधी पार खालच्या वळणावर निघायची. हे ऐकून आत्ती तोंडाला पदर लावून हसायची. तिचे हसणे तेवढ्यापुरतेच असे.

आई आणि आत्ती यांच्यात मी कधी भांडण ऐकले नाही. आई तिला वन्सं म्हणे आणि ती आईला वैनी. कामे वाटलेली होती, पण ती कोणी वाटून दिली हे कुणाला सांगता आले नसते. देवाचा नैवेद्य, आल्यागेल्या सवाष्णीला कुंकू लावणे, लग्नामुंजीला जाणे हे आईचे. भाकऱ्या, म्हैस, पाणी आणि माझी वेणी हे आत्तीचे. गौरींच्या सणात पुरण आत्ती वाटायची, पण गौरी घरात येताना ती परसात म्हशीपाशी जाऊन उभी राहायची आणि सगळे आटोपले की आत येऊन भांड्यांना हात घालायची. नीना, तू मागच्या खेपेला विचारलेस, "आजी, तुला तेव्हा राग नाही का आला?" नाही आला, बाळ. मला त्यात काही वेगळे दिसतच नव्हते. आबांना दिसत होते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. आबा हायस्कुलात शिकवत, उत्तम बोलत, आणि विधवांच्या दुःस्थितीवर त्यांनी दिलेल्या व्याख्यानाला गावातले मोठमोठे लोक येऊन बसले होते. त्या दिवशी त्यांचे उपरणे आत्तीने धुऊन, निखारे भरलेला तांब्या फिरवून सरळ करून दिले होते.

आबांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून गावातल्या मुलांसाठी एक बालसेवक मंडळ काढले होते. महाराजांनी शाळा आणि वसतिगृहे उघडण्याचा सपाटा लावला होता, त्यामुळे असे काहीतरी करावे अशी हवाच तेव्हा कोल्हापुरात होती. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आलेल्यांना पाणी द्यायचे, जोतिबाच्या यात्रेत चुकलेली पोरे सांभाळायची, आणि दर रविवारी शाळेच्या पटांगणात जमून लेझीम आणि कवायत करायची, हे मंडळाचे काम. मुलांचा नायक इस्माईल. त्याच्या वडिलांचे अत्तराचे दुकान होते, आणि हा दिवसा दुकानात बसून संध्याकाळी पोरांना लेझीम शिकवायचा. त्याचा आवाज असा होता की त्याने "हुश्शार!" म्हटले की रस्त्यावरची गुरेही थबकत. मुलींना मात्र नायिका नव्हती. शिकलेल्या बायका थोड्या आणि त्यांना घरातून सोडणार कोण?

मग एका उन्हाळ्यात कोटीतीर्थाच्या तळ्यावर धुणे धुताना एका मुलीचा पाय घसरला आणि ती गेली. काठावर तिच्या मैत्रिणी होत्या, पण एकीलाही पोहता येत नव्हते. आबा त्या रात्री जेवताना हळहळत होते, आणि ताटात वाढता वाढता आत्ती म्हणाली, "मंडळ काढलंयसा न्हवं? मग पोरींस्नी पवाया का शिकवत न्हाईसा?"

"शिकवणार कोण?" आबा म्हणाले.

"मी की," आत्ती म्हणाली आणि भाताचे पातेले घेऊन आत गेली.

अशी ती मुलींची नायिका झाली. नेमणूक अशी कुणी केली नाही. दिवस उगवायच्या सुमाराला तळ्याच्या बायकांच्या बाजूला आम्ही जमायचो, परकर खोचलेले आणि हातात वाळवलेले भोपळे. तेव्हा पोहणे असेच शिकत. पाठीला दोन भोपळे बांधून पाण्यात सोडायचे. थोडे जमले की एक काढायचा, पुढे लहान भोपळा, आणि शेवटी तोही नाही. आत्ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडायची, "पाय मार! कुत्र्यागत मार! लाजतीस काय, पाण्यात कोण बगतंय?" पहिल्या आठवड्यात तीनचार मुली होत्या, पावसाळ्यापर्यंत पायऱ्यांवर बसायला जागा पुरेना. शिंप्याच्या, कुंभाराच्या, मास्तरांच्या, सगळ्या मुली येत. गंगू नावाची माळ्याची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिने पहिल्याच उन्हाळ्यात भोपळा टाकला आणि तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन आली. मी दुसऱ्या उन्हाळ्यातही भोपळ्यावरच होते. माझ्या पाठीची गाठ सोडायला आत्ती आली की मी तिचा हात धरून ठेवायची. "आबांची ल्येक हैस तू," ती म्हणायची. "त्योबी असाच. नदीत उतरलाच असता तर नुसती पुस्तकं धुतली असती."

त्या वर्षी दसरा झाल्यावर मंडळाने ठरवले की पदराला खार लावून मुलांसाठी झटणाऱ्या नायकांचा जाहीर सत्कार करायचा. कल्पना आबांचीच. सत्कार पाहून आणखी चार जण पुढे येतील, असे त्यांचे म्हणणे. पुरुषांना फेटा, हार आणि नारळ. आणि मुलींची नायिका म्हणून राधाबाईंनाही, हेही आबांनीच सुचवले आणि कुणी विरोध केला नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितले तेव्हा आत्ती म्हशीचे दूध काढून आली होती. तिने चरवी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारले, "मला तितं वर चढाय लागंल?"

"लागेल की. नाव पुकारले की यायचे आणि उभे राहायचे."

"बोलाय लागंल?"

"नको बोलूस. नुसता नमस्कार कर."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते तिच्या ठेक्यामुळे. भाकरी थापताना ती मध्येच थांबायची, आणि तव्यावर काही पडायचे नाही. एकदा मला म्हणाली, "इंदे, नमस्कार करताना डोईवरचा पदर पडतोय बग. त्यो कसा धरायचा?" मी करून दाखवले. तिने करून पाहिले, आणि मग आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन मला परातीकडे ढकलले. "चल, पीठ मळ. काम न्हाई तुला."

आता इथे मला थांबून तुम्हा मुलांना एक गोष्ट समजावून द्यायला हवी. नीना, तुझ्या शिबिरात मुलांना पोहायला शिकवल्याबद्दल तुला पदक मिळाले, फोटो पाहिला, फार आनंद झाला. पदक कुणाच्याही गळ्यात घालता येते. आमच्याकडे तेव्हा बाईचा मान करायचा म्हणजे तिची ओटी भरायची. सवाष्णीने तिला हळदकुंकू लावायचे आणि तिच्या पदरात तांदूळ, नारळ आणि चोळीचा खण घालायचा. दुसरी रीत कुणाला ठाऊक नव्हती आणि मंडळाच्या एकाही माणसाच्या, माझ्या आबांच्याही, हे डोक्यात आले नाही की विधवेची ओटी भरत नाहीत. ठराव झाला, मांडवाची तयारी झाली, ओटीचे सामान आणायला आईला सांगितले गेले. सामानाची ती पिशवी हातात धरल्यावर आईच्या ध्यानात आले.

समारंभाच्या दिवशी दुपारी आईने मला नवा परकर नेसवला, केसांत शेवंतीची वेणी माळली. मी विचारले, मला कशाला? ती म्हणाली, "मांडवात जायचं न्हवं? गबाळ्यागत जाती का?" आत्तीने आपले पांढरे लुगडे आदल्या दिवशीच धुऊन दगडाखाली दाबून ठेवले होते. ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसली होती. तिने आईकडे पाहून म्हटले, "वैनी, मी मागनं येऊ का बरुबर येऊ?" आणि आई म्हणाली, "बरुबरच चला की वन्सं." हे मी स्वतः ऐकले.

पटांगण भरले होते. पुढे मुले बसलेली, एका बाजूला बायका. आत्ती मुलींच्या घोळक्यात मागे बसली. इस्माईलचे नाव पुकारले तेव्हा पोरांनी असा गलका केला की त्याला फेटा बांधणारे गृहस्थ दोनदा चुकले. त्याला हार घातला, नारळ दिला, अंगावर अत्तर शिंपडले, आणि तो खाली येऊन पोरांना म्हणाला, "आमच्याच दुकानचं अत्तर रं, आणि मलाच लावलं!" सगळे हसले. मग आबा पुढे आले. त्यांनी मुलींना पोहायला शिकवणे किती महत्त्वाचे हे सुंदर शब्दांत सांगितले आणि म्हणाले, "मुलींच्या नायिका श्रीमती राधाबाई..."

आत्ती उठली. मुली बाजूला सरकल्या, तिला वाट दिली. तिने पदर नीट केला आणि ती चालू लागली. तेवढ्यात आबांचे वाक्य पुरे झाले: "...यांच्या वतीने त्यांची भाची, कुमारी इंदिरा, हिने सत्काराचा स्वीकार करावा."

ती मांडवाच्या मधोमध होती. पुढे मुले, मागे मुली, आणि ती एकटी उभी. आबांनी तिला पाहिले आणि त्यांचा आवाज "करावा"वर बसला. मला वाटते, ती तिथे क्षणभरच थांबली असेल. मग खाली वाकली आणि जवळ बसलेल्या एका लहान पोरीच्या परकराची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती. आपण त्यासाठीच उठलो होतो, असे तिला दाखवायचे होते. आई मला मागून ढकलत होती, "जा, जा की." मी गेले. जाताना मला आत्तीच्या अंगावरून जावे लागले, माझा नवा परकर तिच्या पाठीला लागला आणि तिने वर पाहिले नाही.

वर गेल्यावर, माझ्या मागोमाग आलेल्या आईनेच माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि माझ्या ओच्यात खण आणि नारळ घातला. तिचे हात गार होते. टाळ्या झाल्या, आणि त्या विरतात न विरतात तोच मुलींतून गंगूचा खणखणीत आवाज आला, "अवो, ही तर अजून भोपळ्यावर पवतीया!"

सगळा मांडव हसला. मुले हसली, त्यांचे आईबाप हसले, इस्माईल नव्या फेट्याखाली तोंड फिरवून उभा राहिला. माझे कान इतके तापले की मला काही ऐकू येईना. नारळ ओच्यातून निसटून लाकडी फळ्यांवर गडगडत गेला आणि तो आवाज मात्र मला ऐकू आला. मी आयुष्यात पुष्कळ व्यासपीठांवर चढले आहे, शाळा चालवली, बक्षिसे वाटली. पायाखाली फळ्या वाजल्या की आजही मी पदर सावरते.

झाले असे होते. आईने दोन दिवस आधी आबांना गाठून सांगितले की वन्संची ओटी आपल्याला भरता यायची नाही, आणि दुसरी कुठली सवाष्ण भरायची नाही. मग करायचे काय? जुनी रीत होती की अशा वेळी घरातल्या कुमारिकेला मान द्यावा. "मान घरातच येतोय की," आई म्हणाली, आणि आबांना ते पटले, किंवा पटवून घेणे सोयीचे वाटले. राहिले आत्तीला सांगणे. आबांना वाटले, बायकांची गोष्ट आहे, ही सांगेल. आईला वाटले, बहीण त्यांची आहे, ते सांगतील. दोघांनाही तिचे मन दुखवायचे नव्हते, म्हणून दोघांनीही सांगितले नाही.

घरी आल्यावर आत्तीने चूल पेटवली. त्या दिवशी झुणका होता, तोही नेहमीसारखाच झाला होता. आबा जेवताना म्हणाले, "राधे, गैरसमज नको करून घेऊस." ती म्हणाली, "भात घालू का अजून?" अंधार पडायच्या सुमाराला इस्माईल दारात आला. त्याने फेटा सोडून घडी घातली होती आणि दोन्ही हातांवर धरून तो उंबऱ्याबाहेर उभा होता. "आत्ती, ह्यो तुमी ठिवा. मला नारळबी चालला, हारबी चालला, आनि तुमचंच काय चालंना व्हय?" आत्तीने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "तुजा तुला शोबतोय. बांद डोईला आनि जा घरला. आई वाट बगत आसंल." तो गेल्यावर ती बराच वेळ दारात उभी होती, आणि आमच्यापैकी कुणाचीही तिला आत बोलवायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मुली दारात आल्या, भोपळे घेऊन. गंगू पुढे होती. "आत्ती, चला की."

"कुठं?"

"पवायला."

"सत्कार कुनाचा झाला काल?" आत्तीने ओट्यावरून विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता, बाजारात भाव विचारावा तसे विचारले. "जिची वटी भरली तिला न्या. इंदे, ऊठ. पोरी आल्यात तुज्या."

मी पांघरुणात होते. आबा आतल्या खोलीत होते, आई देवापुढे. आम्ही तिघांनीही ते ऐकले. मी उठले आणि गेले, कारण न जाणे त्याहून वाईट झाले असते. तळ्याच्या पायरीवर मी बसले, मुली बसल्या. कुणी पाण्यात उतरले नाही. गंगूने भोपळ्यावर नखाने रेघोट्या ओढल्या आणि शेवटी म्हणाली, "मी हसवायला न्हवतं म्हटलं, इंदे. मला लई राग आलता." मग आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे मुली यायच्या बंद झाल्या, आणि पहाटे आमच्या घरात तालमीचे हुंकार आणि भाकरीचा ठेका एवढेच ऐकू येऊ लागले. आत्ती भांडली असती, अन्न सोडले असते, तर आबांना तिची समजूत घालता आली असती. तिने काहीच सोडले नव्हते. ती मला वाढायची, माझी वेणी घालायची, आणि मी मान खाली घालून बसायची.

शेवटी आबा तिच्यापुढे जाऊन बसले. ती जात्यावर होती. मी दाराआड नव्हते, समोरच सुपात जोंधळे निवडत होते. आबा म्हणाले, "पुन्हा एक समारंभ करू. शाल देऊ तुला. शालीला कुणाची हरकत नाही."

"मला शाल नगं, दादा."

"मग काय हवे तुला?"

आत्तीने जाते थांबवले. "त्या दिशी पोरी इचारत हुत्या, आत्ती, तुमास्नी का न्हाई बोलवलं? मी काय सांगू त्यास्नी? तू सांग. जितं नाव पुकारलंस तितंच हुबं ऱ्हाऊन सांग, राधीला का न्हाई बोलवलं. तेवडं सांग. मग मी हाय आनि माजं तळं हाय."

आबा "बरं" म्हणाले. त्यांना ते सोपे वाटले असावे. त्यांना बोलणे कधी जड गेले नव्हते.

रविवारी मुले जमली. सत्काराच्या दिवशी होत्या त्यातल्या पुष्कळ बायकाही आल्या, कारण काहीतरी होणार ही कुणकुण पेठेत लागलेली होती. आई आली आणि मला घेऊन बायकांत बसली. आत्ती मुलींच्या मागे उभी राहिली, बसली नाही. आबा पुढे झाले. त्यांनी सेवेचे महत्त्व सांगितले. स्त्रीशक्तीचे महत्त्व सांगितले. मग म्हणाले, "गेल्या समारंभात काही अपरिहार्य सामाजिक कारणांमुळे राधाबाईंचा सत्कार यथायोग्य रीतीने..."

"कंची कारणं?" मागून आत्ती म्हणाली. "पोरींस्नी कळंल असं बोल."

आबांनी घसा साफ केला. "म्हणजे, आपल्या समाजात ज्या काही रूढ समजुती..."

"कंच्या समजुती, दादा?"

आबा उभे होते. त्यांच्या तोंडून एरवी वाक्ये कशी येत, आणि आता एकही येईना. विधवा हा शब्द त्यांनी त्या व्याख्यानात कितीदा उच्चारला असेल! समोर स्वतःची बहीण उभी असताना तो त्यांच्या ओठांवर येत नव्हता. मी त्यांच्या उपरण्याच्या टोकाकडे पाहत होते. मी तोवर आबांना कधी लहान झालेले पाहिले नव्हते आणि मला ते पाहायचे नव्हते. मी मनात म्हणत होते, आत्ती, सोड. आता सोड.

तेवढ्यात माझ्या शेजारून आई उठली. माझी आई, जी परक्या माणसासमोर आबांशीसुद्धा बोलत नसे. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "कारणं-बिरणं काय न्हाईत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पुढची मुले मागे वळली. मग तिने पुन्हा, मोठ्याने म्हटले, "वन्सं विधवा हाईत म्हनून बोलवलं न्हाई. ह्येंचं काय न्हाई त्यात, मीच म्हटलं. वटी मला भरायची हुती. मी भ्याले. माज्या कुंकवाला काय झालं तर, म्हनून भ्याले. हे हितं हुबं हाईत, ह्येंच्यासाटी भ्याले. आनि वन्संस्नी कुनी सांगितलंबी न्हाई. त्यास्नी मांडवात मदीच हुबं केलं आमी."

बायकांत कुणीतरी चुकचुकले. आबा तसेच उभे. आईला बसता येईना, मी तिचा पदर धरून ओढला तरी ती उभीच.

"ऐकलं न्हवं समद्यांनी?" आत्ती म्हणाली. "बसा वैनी. पडशीला." आणि मुलींकडे वळून, "उद्या या. भोपळं आनायला इसरू नगा, हिच्यासाटी दोन आना." हिच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी. मुली हसल्या, आणि त्या हसण्याचे मला काही वाटले नाही.

मंडळाने पुढे दरवर्षी नायकांचे सत्कार केले. आत्तीला पुन्हा कुणी विचारले नाही आणि तिनेही अपेक्षा धरली नाही. ती तळ्यावर जात राहिली. आबांनी विधवांच्या प्रश्नावर पुन्हा व्याख्यान दिले नाही. बोलावणी येत, ते प्रकृतीचे कारण सांगत. त्यांनी देणे योग्य होते की न देणे, हे मला इतक्या वर्षांनीही ठरवता आलेले नाही. आईला मात्र त्या दिवसाची किंमत चुकवावी लागली. भर सभेत स्वतःच्या कुंकवाचे असे बोललेली बाई म्हणून पेठेतल्या बायका तिला टाळू लागल्या. चैत्रात हळदीकुंकवाला घरोघर बोलावणी गेली, आमच्या दाराशी कुणी आले नाही. आई नथ घालून, हिरवे लुगडे नेसून दुपारपासून ओट्यावर बसली होती. बायका समोरून घोळक्याने जात होत्या आणि आमच्या घरासमोर आल्या की त्यांचे बोलणे थांबत होते. मी आत जाऊन रडले. मला कुणाची लाज वाटत होती, त्या बायकांची, आबांची, की आईला असे सजून बसलेली पाहणाऱ्या माझी, हे तेव्हा कळत नव्हते.

आत्ती परसातून आली, तिने आईकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. "वैनी, उठा. तळ्याला जाऊ."

"ह्या येळंला? मला काय पवाया येत न्हाई."

"पाय तर बुडवा. ऊन किती झालंय."

आम्ही तिघी गेलो. ऐन उन्हाचे तिथे कुणी नव्हते. आई नथीसकट पायरीवर बसली आणि लुगड्याचा काठ वर धरून तिने पावले पाण्यात सोडली. मासे तिच्या बोटांशी आले तशी ती दचकली, पण पाय काढले नाहीत. आत्तीने पदर खोचला, एक एक पायरी उतरत कमरेइतक्या पाण्यात गेली. आई पाण्याकडे बघत म्हणाली, "वन्सं, त्या दिशी तुमास्नी आदी सांगाय पायजे हुतं मी."

मला वाटले, आत्ती आता काहीतरी बोलून तिला हलके करील. असू दे म्हणेल, झालं गेलं म्हणेल. आत्तीने तोंडावर पाण्याचा हबका मारला.

"व्हय," ती म्हणाली, "सांगाय पायजे हुतं."

आणि ती पाण्याखाली शिरली, आणि पार दुसऱ्या काठाजवळ निघाली.